घरी शिकणाऱ्यांसाठी एक नोंदवही हवी

माझी भाची पुण्यात मुलाला घरीच शिकवते. पोरगा नऊ वर्षांचा. यंदा पावसाळाभर त्याने गच्चीवर डबा ठेवून रोजचा पाऊस मोजला, आलेखही काढला. सातचा पाढा मात्र अडखळत म्हणतो आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कुठल्याही चौथीच्या वर्गात सहज खपेल. तरी सरकारदरबारी तो शाळाबाह्य.

मी जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले, तेव्हा आम्हीही दारोदार फिरलो. सहा ते चौदा वयाचे मूल कुठल्याच पटावर नाही किंवा सलग तीस दिवसांहून जास्त गैरहजर, की झाले शाळाबाह्य. ते घरी काय शिकते, याचा त्यात संबंधच नाही.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १० नुसार मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य. न घातल्यास शिक्षा मात्र कायद्यात कुठेच नाही. त्यामुळे घरच्या शाळेला ना परवानगी, ना दंड. मग काही पालक ओळखीच्या शाळेत नाव लावून ठेवतात आणि मूल घरी. २०११ च्या पटपडताळणीत असल्या कागदी पटाची लक्तरे निघाली होती, ती आमच्या खात्यात कोणी विसरलेले नाही.

पुढची वाट तशी बंद नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत (एनआयओएस) तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे टप्पे आहेत आणि चौदा पूर्ण झाली की दहावी देता येते. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवी आहे. नाहीतर खासगीरीत्या बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बोर्डाची दहावी. मध्येच शाळेत यावेसे वाटले तर कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो.

मग अडचण कुठे? सर्वेक्षणाच्या त्या दिवशी एका दारात ऐकले होते, "बाई, ती घरीच शिकते." पोरीच्या कडेवर धाकटा भाऊ, हात राखेने भरलेले. तिच्यासाठीच शाळेत घालण्याची सक्ती आहे आणि ती तसूभरही सैल होता कामा नये. पण तिच्यात आणि माझ्या नातवात फरक करायचा तर आधी दोघांची खरी नोंद हवी. कलम ९ नुसार हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या नोंदी ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कामच आहे. त्यातच घरी शिकणाऱ्यांची एक वही केंद्रप्रमुखाकडे ठेवा. पालकांनी दर जूनला नाव लिहावे, वर्षातून एकदा कोणी अनुभवी शिक्षकाने तासभर मुलाशी बोलावे, वाचून घ्यावे, हिशेब करून घ्यावा. लेखी परीक्षा नको. मूल दाखवायलाच टाळाटाळ झाली, तर मात्र सरळ शाळेत दाखल करा.

भाचीला हे पटत नाही. "मावशी, आज वही आली की उद्या अभ्यासक्रम येईल, परवा तपासणी." तिचे म्हणणे खोटे नाही. एका पानाच्या तक्त्याची आमच्याकडे वर्षभरात चार पाने कशी होतात, ते मी स्वतः भरून पाहिले आहे. म्हणून रकाने नियमातच छापून टाका: नाव, वय, पत्ता, शिकवणार कोण. पाचवा हवा असेल, तर तो विधिमंडळात मांडून मंजूर करून घ्या.