चाळणीला भाषा कळत नाही

पुणे, सांगली, कोल्हापूर, कुठल्याही सिग्नलला उभे राहा आणि गाड्यांच्या नंबरप्लेट वाचा. ४१४१ हा क्रमांक इंग्रजी अंकांत थोडी वळणे देऊन रंगवला की 'दादा' दिसतो. २१४चा 'राम' होतो आणि ८०५५चा इंग्रजी 'बॉस'. शेजारच्या रिक्षावर ७८६ असते. त्यात कुठलेच अक्षर दिसत नाही, तरी ते काय आहे हे मोहल्ल्यातल्या पोरालाही ठाऊक असते.

अक्षराच्या जागी आकडा लिहिण्याच्या या दोन वेगळ्या रीती आहेत. 'दादा'मध्ये आकड्याचा आकार अक्षरासारखा दिसतो. ७८६मध्ये आकाराचा संबंध नाही, किमतीचा आहे. अबजद पद्धतीत प्रत्येक अरबी अक्षराला एक किंमत असते: अलिफ १, बे २, मीम ४०. त्या हिशेबाने 'बिस्म'चे १०२, 'अल्लाह'चे ६६, 'अर्-रहमान'चे ३२९ आणि 'अर्-रहीम'चे २८९ होतात. बेरीज ७८६. हा आकडा बिस्मिल्लाहच्या जागी लिहावा की नाही यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि त्या वादात मला शिरायचे नाही. मला एवढेच सांगायचे आहे की आज इंटरनेटवर '@' आणि '$' घालून लिहिणारी पोरे काही नवीन करत नाहीत. शाळेत आपण सगळे 'च'ची भाषा बोललो आहोत. आपल्या माणसाला कळावे आणि मास्तरांना कळू नये, एवढाच तिचा हेतू होता. आता मास्तरांच्या जागी यंत्र आले आहे, आणि म्हणूनच हा विषय गमतीचा उरलेला नाही.

इंटरनेटवरच्या या बोलीचे मूळ १९८०च्या दशकात अमेरिकेत सापडते. तेव्हा लोक टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांच्या संगणकावरच्या सूचनाफलकांना जोडले जात. तिथे काही मोजक्या सदस्यांना 'इलीट' म्हणजे खास दर्जा मिळे आणि आतल्या फायली उघडत. 'इलीट'चे झाले 'लीट', आणि ते लिहायचे ३१३३७ असे. इंग्रजी तीनचा आकडा उलटा केला की 'ई', एक म्हणजे 'एल', सात म्हणजे 'टी'. फलकाच्या चालकाने काही शब्दांना बंदी घातली असेल, तर ते शब्दही असेच वेष बदलून आत जात. पुढे हा सगळा प्रकार खेळ झाला. १९९८ मध्ये आलेल्या 'बॅक ऑरिफिस' या कुप्रसिद्ध हॅकिंग साधनाने स्वतःसाठी ३१३३७ हाच पोर्ट क्रमांक निवडला. २००७ मध्ये मेरियम-वेबस्टर या शब्दकोशाने 'वूट' हा आनंदाचा उद्गार वर्षाचा शब्द ठरवला, आणि त्यातले दोन्ही 'ओ' शून्याने लिहिलेले होते.

अरब तरुणांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या हाती आलेल्या संगणकांवर आणि मोबाइलवर बराच काळ फक्त रोमन अक्षरे होती. रोमन लिपीत 'ऐन' नाही, मोठा 'हे' नाही, 'हम्ज़ा' नाही. मग त्यांनी आकार जुळणारे आकडे घेतले: ऐनसाठी ३, मोठ्या हे साठी ७, हम्ज़ासाठी २. याला 'अरबीझी' म्हणतात. इथे कुणाला काही लपवायचे नव्हते. यंत्रात आपली लिपी नव्हती, म्हणून लोकांनी मिळेल त्यात आपली भाषा बसवली. आपणही मराठी रोमन अक्षरांत लिहितो ते याच कारणाने सुरू झाले आणि आता सवयीने चालू आहे.

म्हणजे तीन वेगळी माणसे एकच युक्ती वापरतात. एकाला मिरवायचे आहे, दुसऱ्याला आपली भाषा लिहायची आहे, तिसऱ्याला पकडले जायचे नाही. त्यांच्यातला फरक माणसाला लगेच कळतो. यंत्राला कळतो का, हा प्रश्न आहे.

मी सॉफ्टवेअर लिहितो. शब्दांची चाळणी कशी असते ते साध्या भाषेत सांगतो. सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे यादी. वाईट शब्दांची यादी करायची आणि मजकुरात त्यातला शब्द सापडला की अडवायचा. १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या अशाच चाळणीने इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावाच्या लोकांना खाते उघडू दिले नव्हते, कारण गावाच्या इंग्रजी नावाच्या पोटात चार अक्षरांची एक शिवी दडलेली आहे. गावाने कुणाला शिवी दिली नव्हती. दोष नावाचाही नव्हता.

मग लोक शिवीत आकडे घालू लागले, म्हणून यादीच्या आधी एक पायरी आली. शून्याचा 'ओ' करा, '@'चा 'ए' करा, '$'चा 'एस' करा, तीनचा 'ई' करा, आणि मग यादीशी ताडून पाहा. इंग्रजीसाठी हे बऱ्यापैकी चालते. पण हाच तक्ता अरबीझीला लावला तर 'अरब' या शब्दातला ऐन 'ई' होतो आणि 'हबीबी'तला हे 'टी' होतो. एका भाषेचा मुखवटा ही दुसऱ्या भाषेची वर्णमाला असते. आजची यंत्रे यादीपेक्षा पुष्कळ हुशार आहेत, ती उदाहरणांवरून शिकतात. पण ज्या भाषेची उदाहरणे त्यांना दिलीच नाहीत, त्या भाषेत ती यादीपेक्षा फार पुढे जात नाहीत.

याचा फटका कुणाला बसतो ते २०२१च्या मे महिन्यात दिसले. जेरुसलेम आणि गाझामध्ये संघर्ष पेटला होता आणि इन्स्टाग्रामवर अल-अक्सा मशिदीच्या नावाचा हॅशटॅग असलेल्या पोस्ट दिसेनाशा होत होत्या. कारण नंतर बाहेर आले. अडवायच्या शब्दांच्या यादीत एका सशस्त्र गटाचे नाव जायचे होते, कंत्राटी कर्मचाऱ्याने त्याऐवजी मशिदीचेच नाव टाकले. जगातल्या कोट्यवधी लोकांचे पवित्र स्थळ एका चुकीच्या नोंदीने संशयित ठरले. त्याच दिवसांत अनेक अरबांनी एक जुनी वाट शोधली. त्यांनी नुक्ते काढून अरबी लिहायला सुरुवात केली. फार जुन्या अरबी हस्तलिखितांतही नुक्ते अगदी तुरळक असत आणि जाणकार संदर्भाने वाचत. माणसांना ते आजही वाचता आले, यंत्र गोंधळले.

मेटाने नेमलेल्या बीएसआर या सल्लागार संस्थेचा अहवाल सप्टेंबर २०२२ मध्ये आला. त्यात नोंदवले आहे की त्या काळात अरबी मजकुरावर गरजेपेक्षा जास्त कारवाई झाली आणि हिब्रूवर तुलनेने कमी. अरबीतला द्वेषपूर्ण मजकूर ओळखणारे यंत्र कंपनीकडे होते, हिब्रूसाठी तसे नव्हते. एका भाषेवर पहारा जास्त आणि दुसरीवर जवळपास नाहीच, अशी स्थिती कुणी वाईट हेतूने आणावी लागत नाही. कोणत्या भाषेवर किती पैसा खर्च केला, यावरून ती आपोआप येते.

आता आपल्याकडे या. २०२१ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली. भारतातल्या मुस्लिमविरोधी मजकुराचा मोठा भाग यंत्राच्या नजरेस पडतच नव्हता, कारण हिंदी आणि बंगालीसाठी पुरेशी व्यवस्था नव्हती, हे त्यांतून कळले. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. त्यांपैकी पाच भाषांवर आपली यंत्रे तयार केली आहेत, असे तेव्हा कंपनीनेच सांगितले. आणि हा हिशेब प्रमाण भाषेचा झाला. व्हॉट्सॲप-फेसबुकवरचे मराठी प्रमाणही नसते आणि देवनागरीही नसते. 'नाही' हा एक शब्द लोक रोमन अक्षरांत चार-पाच तऱ्हांनी लिहितात. त्यात मधल्या अक्षराच्या जागी एखादा आकडा किंवा तारा टाकला की द्वेषाने भरलेले वाक्य चाळणीतून अलगद निसटते. उलट त्याच वाक्याचे चित्र टाकून 'हे पाहा, आम्हाला काय म्हणतात' असे लिहिणाऱ्याने ते शब्द पुन्हा स्वच्छ लिहिले, तर पकडला जाण्याची शक्यता त्याचीच जास्त. द्वेष पसरवणाऱ्याला वेष बदलायचा सराव असतो, तक्रार करणाऱ्याला नसतो.

जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आले. मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा खोटा लिलाव मांडला गेला. १ जानेवारी २०२२ ला तोच प्रकार 'बुल्ली बाई' या नावाने परतला, शंभरहून अधिक स्त्रियांचे फोटो घेऊन. दोन्ही वेळा ते गिटहबवर ठेवले होते. मूळ शिवीतले एक अक्षर बदलून एक नाव, तेच पुन्हा बदलून दुसरे. समजा पहिले नाव जगातल्या सगळ्या याद्यांत घातले असते, तरी दुसरे अडले नसते. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने जानेवारीत आरोपींना अटक केली, ती एखाद्या चाळणीमुळे नव्हे. ज्या स्त्रिया लक्ष्य झाल्या होत्या त्यांनी उघडपणे बोलायचे ठरवले, तक्रारी दिल्या, आणि माणसांनी तपास केला.

म्हणून आपल्या बैठकांमध्ये 'असे शब्दच इंटरनेटवर बंद करा' ही मागणी येते, तेव्हा मी तिला विरोध करतो. त्यामागचा संताप मला समजतो, तो माझाही आहे. पण यादी वाढवली की आधी कोण अडकते? 'जिहाद' हे अरब जगात माणसाचे नाव असते, ख्रिस्ती घरांतही असते. तो शब्द यादीत गेला तर विखारी भाषण करणारा त्यात एक आकडा घालून मोकळा होईल, आणि त्या नावाचा माणूस, त्या शब्दाचा खरा अर्थ समजावणारा मौलाना आणि त्यावर अभ्यासपूर्ण लिहिणारी विद्यार्थिनी तिघेही अडकतील. आंधळ्या चाळणीच्या हाती आणखी मोठी काठी देणे हा आपल्या संरक्षणाचा मार्ग नाही.

मग मागायचे काय? माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली, माणसे. मराठी, दखनी आणि रोमन अक्षरांतली मराठी वाचू शकणारे, पगारी आणि प्रशिक्षित तपासनीस. यंत्र संशयित मजकूर बाजूला काढू शकते, संदर्भ माणसालाच कळतो. दुसरी, हिशेब. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार भारतात ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यम कंपन्यांना दर महिन्याला तक्रारींचा अहवाल द्यावा लागतो. त्यात भाषेनुसार आकडे देण्याची अट नाही. ती घाला. मराठीतल्या किती तक्रारी आल्या, किती फेटाळल्या, किती मजकूर चुकून काढला आणि परत ठेवला, हे लोकांना दिसू द्या. तिसरी, कारण. पोस्ट काढली किंवा तक्रार फेटाळली तर का, हे त्या माणसाच्या भाषेत सांगा.

आपल्यालाही काम आहे. तक्रार करताना नुसते बटण दाबून थांबू नका. शब्द कसा फिरवला आहे, मूळ शब्द कोणता, इथे त्याचा अर्थ काय, हे दोन ओळींत लिहा. पडद्याचे चित्र, दुवा आणि तारीख जपून ठेवा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचे उत्तर पटले नाही, तर केंद्र सरकारने २०२३ मध्ये नेमलेल्या तक्रार अपील समित्यांकडे ऑनलाइन जाता येते. धमकी असेल तर थेट सायबर पोलिसांकडे जा. मोहल्ल्यात जी मुले-मुली संगणक शिकली आहेत त्यांनी महिन्यातून एक रविवार यासाठी दिला, तरी अनेकांना आधार होईल.

आणि हा पहारा फक्त बाहेर बघणारा नसावा. तलाक, वारसा किंवा शिक्षणावर बोलणाऱ्या आपल्याच बहिणींना आपल्याच गटांतून आकडे आणि चिन्हे घातलेल्या शिव्या मिळतात, तेव्हा त्याचे चित्र काढून ठेवणारे आणि तक्रार लिहिणारे हातही आपलेच हवेत. एक अक्षर बदलल्याने शिवीचा अर्थ बदलत नाही, आणि देणारा आपला असल्यानेही बदलत नाही.