हेडलाईट मंद? आधी अर्थिंग तपासा

गणपतीच्या आदल्या आठवड्यात मुंबई-गोवा महामार्गाला रात्र नसते. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड मागे टाकत चाकरमान्यांच्या गाड्या तळकोकणाकडे निघतात. त्यांत नव्या मोटारी असतात, तशा पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या ओम्नी आणि टेम्पो ट्रॅव्हलरही असतात. अशाच जुन्या व्हॅनमध्ये पलंग, छोटा फ्रीज आणि जादा बॅटरी बसवून कोलाडला राफ्टिंगला किंवा काशीदच्या किनाऱ्यावर मुक्कामाला जाणारी कुटुंबेही आहेत. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा या हौसेला अधिकृत पाठबळही मिळाले. पण पावसाळी रात्री नागोठण्याहून भिसे खिंडीमार्गे रोह्याला उतरताना यातल्या कित्येक गाड्यांचा उजेड पुढच्या वळणापर्यंतही नीट पोहोचत नाही.

मालकाचा पहिला उपाय ठरलेला असतो: बल्ब बदलायचा. तेवढ्याने भागले नाही, तर १००/९० वॉटचा ‘जोरदार’ बल्ब बसवायचा. हा उपाय चुकीचा आहे आणि धोक्याचाही आहे.

हिशेब साधा आहे. बारा व्होल्टच्या गाडीत नेहमीचा हॅलोजन बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. लो बीमवर दोन्ही बल्ब मिळून सुमारे नऊ अँपिअर करंट घेतात. अनेक जुन्या गाड्यांत हा सगळा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत, तिथून डिपर स्विचमध्ये आणि मग पुढे दिव्यांकडे जातो. या वाटेवर गंजलेल्या जोडामुळे ०.१ ओहमचा अडथळा आला, तरी जवळजवळ एक व्होल्ट तिथेच खर्च होतो आणि तो जोड आठ वॉटने तापत राहतो. हॅलोजन बल्बचा व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटला, तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. अशा वायरिंगवर १००/९० चा बल्ब लावला की करंट दीडपटीहून अधिक होतो. मग होल्डर वितळतो, कपलर काळा पडतो, स्विच जळतो. एलईडी बल्बनेही प्रश्न सुटत नाही. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये त्याचा झोत विस्कटतो आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपतात. मूळचा गंज आहे तिथेच राहतो.

पेण-रोह्याच्या पट्ट्यात हा गंज लवकर धरतो, कारण इथली हवाच तशी आहे. पेणच्या पश्चिमेला खाड्या आणि खारभूमी आहे, रोह्याच्या बाजूला कुंडलिकेचे दमट खोरे, आणि चार महिने धो धो पाऊस. दिव्यामागे जिथे अर्थची (करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणारी) वायर पत्र्याला बोल्टने कसलेली असते, तिथे रंगाखाली गंज चढतो. तांब्याच्या तारेवर हिरवट थर येतो. चिकटपट्टी गुंडाळलेल्या जोडात पाणी मुरते. त्यात व्हॅनचा मुक्कामी कॅम्पर करताना फ्रीजची किंवा आतल्या दिव्यांची वायर हेडलाईटच्याच वायरला जोडली असेल, तर उरलासुरला व्होल्टेजही जातो.

दोष शोधायला मोठ्या यंत्राची गरज नाही. एकच दिवा मंद असेल, तर त्या बाजूचा बल्ब, होल्डर, फ्यूज आणि अर्थ पाहावा. दोन्ही दिव्यांचा अप्पर (हाय बीम) लागतो पण डिपर (लो बीम) लागत नाही, असे असेल तर आधी डिपर स्विचवर संशय घ्यावा. इंडिकेटर लावताच त्याच्या तालावर हेडलाईट फडफडत असेल, तर अर्थिंग गेले असण्याची शक्यता मोठी. मग साध्या मल्टिमीटरने खात्री करावी. इंजिन चालू, दिवे चालू. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे होल्डरच्या अर्थ पिनला लावायचे. आकडा शून्याच्या जवळपास हवा. अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थिंग खराब आहे. तसेच बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि होल्डरची चालू पिन यांच्यामध्येही मोजायचे. तिथला आकडा मोठा आला, तर स्विच, फ्यूज आणि कपलर एकेक करून तपासायचे.

दुरुस्तीही आवाक्यातली आहे. अर्थचा बोल्ट काढून पत्रा लख्ख घासावा, पुन्हा घट्ट कसून वर ग्रीस लावावे. अप्पर आणि डिपरसाठी एकेक रिले बसवावा, म्हणजे स्विचमधून नाममात्र करंट जाईल आणि दिव्यांना बॅटरीकडून जाड वायरने थेट पुरवठा होईल. ही वायर बॅटरीजवळ फ्यूज टाकूनच ओढावी. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणे किंवा तार गुंडाळणे म्हणजे वायरिंगला आग लागण्याची सोय करणे. कॅम्परच्या सोयींसाठी वेगळी वायर आणि वेगळा फ्यूज हवा.

मग हे काम होत का नाही? कारण मालक वस्तूचे पैसे देतो, दोष शोधण्याच्या वेळेचे देत नाही. गॅरेजमधल्या वायरमनने तासभर मीटर लावून एक बोल्ट घासला, तर ‘केलेत तरी काय?’ असा प्रश्न येतो. नवा बल्ब लावला की बिल मुकाट्याने दिले जाते. खरे कौशल्य दोष शोधण्यात आहे, आणि त्याची मजुरी आनंदाने द्यायला हवी.

नियमांवर विसंबून चालणार नाही. प्रवासी व मालवाहू व्यावसायिक गाड्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस तपासणी असते. खासगी गाडीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची असते आणि फिटनेसचा प्रश्न नूतनीकरणाच्या वेळीच येतो. दरम्यान दर पावसाळ्यात गंज वाढतच असतो. पेणच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाने आणि गॅरेजचालकांनी मिळून गणपतीपूर्वी दिवे व अर्थिंग तपासणीची शिबिरे घ्यावीत. पेण, वडखळ, कोलाड, रोहा इथे एकेक दिवस दिला, तरी पुष्कळ काम होईल.

तोवर जुन्या व्हॅनच्या प्रत्येक मालकाने एवढे करावे: रात्रीच्या प्रवासाला निघण्याआधी वायरमनकडे जाऊन ‘बल्ब बदला’ म्हणू नये. ‘होल्डरवर किती व्होल्ट येतात ते मोजून दाखवा’ असे सांगावे, आणि मोजण्याचे पैसे द्यावेत.