सोनं शोधायचं यंत्र घेण्याआधी एवढं वाचा

मोबाइलवर असे व्हिडिओ आता सगळ्यांकडे येतात. ओसाड माळावर एक माणूस यंत्र फिरवतो, यंत्र एका जागी जोरात वाजतं, चार फावडी माती निघते आणि मडक्याचं तोंड दिसतं. खाली फोन नंबर असतो. किमती काही हजारांपासून कित्येक लाखांपर्यंत, आणि जितकं महाग तितकं खोल बघणारं, असा दावा. कुणी चौघांत वर्गणी काढून घेतं, कुणी कर्ज काढून, कुणी बायकोचे दागिने मोडून.

माझं म्हणणं आधीच सांगतो. आपल्या शेतात, माळावर किंवा पडक्या वाड्यात सोनं सापडेल म्हणून महाराष्ट्रात कुणी असं यंत्र घेऊ नये. महागाचं तर मुळीच घेऊ नये. घरात असलेलं सोनं मोडून नसलेलं शोधायला निघू नका. असं का म्हणतो, ते नीट समजून घ्या, म्हणजे उद्या विक्रेता दारात आला तर त्याला काय विचारायचं ते कळेल.

आधी यंत्र काय करतं ते पाहू. त्याच्या टोकाला तारेचं वेटोळं असतं, त्याला कॉइल म्हणतात. त्यातून वीज खेळवली की जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तिथे धातू असेल तर त्यात क्षीण प्रवाह फिरू लागतात, त्यांचा पडसाद कॉइलपर्यंत परत येतो आणि यंत्र वाजतं. खरं यंत्र एवढंच करतं, आणि हे काम ते चोख करतं. पण खोलीबरोबर हा पडसाद फार झपाट्याने विरतो. वस्तू लहान असेल तर अंतर दुप्पट झालं की तो साधारण चौसष्ट पटींनी क्षीण होतो. म्हणून अंगठीएवढी वस्तू चांगल्या यंत्रालाही वीत-दीड वीत खोलीपर्यंतच कळते. सुमारे सहा हजार डॉलरच्या, म्हणजे आपल्या पाच लाखांच्या घरातल्या यंत्राला मोठा गोळा हात-दोन हात खाली कळेल. जास्तीच्या लाखांत तुम्ही काही इंच विकत घेता. अंगठी किंवा नाणं वीस फुटांवर दाखवतो असं कुणी म्हणालं, तर तिथेच बोलणं थांबवा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. यंत्राला धातू कळतो, पण तो सोनंच आहे हे खात्रीने कळत नाही. पडद्यावर आकडा येतो, रंगही दिसतो. पण सोन्याच्या अंगठीचा आणि ॲल्युमिनियमच्या तुकड्याचा आकडा पुष्कळदा एकच असतो. आपल्या शेतात धातू किती असतो, ते आठवून पाहा. नांगराच्या फाळाचा तुटका तुकडा, बैलाच्या पत्रीचे खिळे, बाटलीची झाकणं, गोळ्यांची चंदेरी पाकिटं, तारेचे तुकडे. यंत्र या प्रत्येकाला वाजतं. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असंच यंत्र आणलं होतं. गोळी सापडली नाही, आणि त्याचं एक कारण पलंगाच्या लोखंडी स्प्रिंगा हे सांगितलं जातं. यंत्र करणारा बेलसारखा माणूस असूनही आजूबाजूच्या धातूने त्याचा घोटाळा केला.

त्यात आपली जमीन या यंत्रांना त्रासदायकच आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे आणि त्या खडकात, त्याच्या मातीत चुंबकीय लोहखनिज भरपूर असतं. कोकणातला आणि गोव्यातला जांभाही लोहाने भरलेला. अशा जमिनीवर यंत्र उगाच कुरकुरत राहतं. आणखी एक बारकावा लक्षात ठेवा. भाजलेली माती कच्च्या मातीपेक्षा जास्त चुंबकीय असते. त्यामुळे जुनी वीट, खापर किंवा चुलीची करपलेली जागा यांवरही यंत्र वाजू शकतं. माणूस खणतो, हाताला खापर लागतं आणि त्याला वाटतं, हंडा आता जवळ आला. मग तो आणखी खणतो. खापराने यंत्र वाजलं, एवढाच त्याचा अर्थ असतो.

या यंत्रांनी कुणाला सोनं मिळतच नाही, असं मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात मिळतं. तिथे सोन्याचे गोळे जमिनीच्या अगदी वरच्या थरात आहेत. १८६९ मध्ये मोलियागुल गावाजवळ सापडलेला ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा प्रचंड गोळा पृष्ठभागापासून अवघ्या काही बोटांवर होता, आणि तो कुठल्याही यंत्राविना सापडला. १९८० मध्ये किंगॉवरजवळ डिटेक्टरने सत्तावीस किलोंचा ‘हँड ऑफ फेथ’ सापडला. २०२३ मध्ये त्याच राज्यातल्या एका माणसाला साडेचार किलोंचा दगड मिळाला आणि त्यात अडीच किलोंहून अधिक सोनं निघालं. त्याच्याकडचं यंत्र साधारण बाराशे ऑस्ट्रेलियन डॉलरचं होतं, म्हणजे व्यावसायिक शोधकांच्या यंत्रांपुढे स्वस्तच. सोनं तिथे होतं म्हणून स्वस्त यंत्राला सापडलं. गळ कितीही महागाचा घ्या, विहिरीत मासाच नसेल तर तो काय लागणार?

मेलबर्नला राहणाऱ्या मराठी मंडळींना सुट्टीच्या दिवशी बेंडिगो-बॅलरॅटकडे जाऊन हा छंद करायचा असेल तर खुशाल करावा. तिथे थोडं शुल्क भरून सरकारी परवाना मिळतो. तो आधी काढा आणि कुठे खणायची मनाई आहे ते वाचून घ्या. यंत्र मात्र आधी भाड्याने घ्या, मग मध्यम किमतीचं. पाच-सहा हजार डॉलरचं यंत्र घ्यावं ते कचऱ्याचा आवाज आणि सोन्याचा आवाज कानाला वेगळे कळू लागल्यावर, आणि ते पैसे परत आले नाहीत तरी घर अडणार नसेल तरच.

आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. भारतातलं सोनं प्रामुख्याने कठीण खडकात, गारेच्या शिरांमध्ये, टनामागे काही ग्रॅम अशा प्रमाणात विखुरलेलं असतं. कोलारच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या आणि २००१ मध्ये बंद पडल्या. कर्नाटकातल्याच हट्टीला आजही खडक फोडून, दळून सोनं काढतात. इतके बारीक कण हातातल्या यंत्राला कळत नाहीत.

कुणी म्हणेल, खाणीचं सोनं नको, आम्ही पूर्वजांनी पुरलेलं शोधतो. लोक धन पुरून ठेवत होते हे खरं आहे. नांगरताना, पाया खणताना नाणी निघाल्याच्या बातम्या येतात. पण तो योग असतो. ठरवून शोधणाऱ्यांचं काय होतं, याची दोन उदाहरणं पाहा. २०१३ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशातल्या डौंडिया खेडा इथे एका साधूच्या स्वप्नावरून हजार टन सोन्याची चर्चा उठली. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या उपकरणांनीही जमिनीत काहीतरी वेगळं असल्याचं दाखवलं. पुरातत्त्व खात्याने रीतसर उत्खनन केलं. खापरं, विटा, बांगड्यांचे तुकडे निघाले, सोनं निघालं नाही. २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपटानंतर आपल्या सीमेलगतच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगडाजवळच्या शेतांत, लोक रात्री बॅटऱ्या आणि डिटेक्टर घेऊन मोगलांची नाणी शोधायला उतरले. खड्डे पडले ते शेतकऱ्याच्या रानात.

काही यंत्रं तर यंत्रंच नसतात. हातात धरायची मूठ, पुढे फिरणारी सळई, आणि ‘एक किलोमीटरवरचं सोनं दाखवतो’ हा दावा. आपल्या पाणाड्याच्या हातातली काडी जशी नकळत मनगटाच्या हालचालीने झुकते, तशीच ही सळई फिरते. ब्रिटनमध्ये जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या माणसाने गोल्फचे चेंडू शोधायच्या वीसेक डॉलरच्या खेळण्यावरून असंच उपकरण बनवलं आणि बाँब शोधणारं यंत्र म्हणून इराकला हजारो डॉलरना विकलं. बगदादच्या नाक्यांवर पोलीस ते हातात धरून उभे राहिले आणि स्फोट होतच राहिले. २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. सरकारं फसतात, तर आपण का नाही फसणार?

म्हणून परीक्षा घ्या. दहा एकसारखे प्लास्टिकचे डबे घ्या. एकात सोन्याची अंगठी, दुसऱ्यात ॲल्युमिनियमचा तुकडा, तिसऱ्यात खिळा ठेवा, बाकीचे रिकामे. डबे ठेवणारा माणूस तिथून निघून जाऊ दे. विक्रेत्याला आणि तुम्हालाही कुठे काय आहे ते माहीत नसावं. मग त्याला सोनं दाखवायला सांगा, आणि डबे बदलून असं दहा वेळा करा. तो नाही म्हणाला, ‘घरात चालत नाही’, ‘ताजं पुरलेलं कळत नाही’ असं सांगू लागला, तर पाकीट खिशात ठेवा.

आता कायदा. शेत तुमचं, सातबारा तुमच्या नावावर, तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार जमिनीखालचं खनिज सामान्यतः सरकारचं. पुरलेलं धन सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचं काहीही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गड, लेणी, जुनी मंदिरं यांतली संरक्षित स्मारकं तर पूर्ण वर्ज्य. तिथे खणणं हा गुन्हा आहे. शिवाय अशा खणण्याने मातीचे थर विस्कटतात आणि त्या जागेचा इतिहास कायमचा पुसला जातो.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती पुढच्या पायरीची. यंत्र वाजतं, खड्ड्यात काही निघत नाही, आणि मग कुणीतरी सांगतं, ‘धनावर राखण आहे.’ मग पायाळू माणूस शोधला जातो, मांडूळ पकडलं जातं, कोंबडं-बकरं येतं. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधनाच्या आणि अपत्याच्या लालसेपोटी बायका-मुलींचे खून पडले. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीच्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. राखणीचं नाव निघालं की त्या माणसाला त्याच क्षणी घराबाहेर काढा, आणि पोलिसांना कळवा.

मग यंत्राचा उपयोग कधी? हरवलेली वस्तू शोधताना. खुरपताना कानातली कुडी पडली, अंगणात अंगठी हरवली, तर काही हजारांचं साधं यंत्र, शक्यतो मागून आणलेलं किंवा भाड्याचं, पुरतं. जागा छोटी आहे, वस्तू वर आहे आणि ती तिथे आहे हे तुम्हाला माहीत आहे. बारीक साखळी मात्र सहज कळत नाही, कारण तिची प्रत्येक कडी वेगळी आणि इवलीशी. मंगळसूत्र हरवलं तर वाट्यांवर यंत्र वाजण्याची शक्यता जास्त. म्हणून कॉइल जमिनीलगत धरून, हळू, एकही पट्टा न सोडता फिरवा.

पैसे आधीच दिले असतील तर लाजेने गप्प बसू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा. खोटा दावा करून यंत्र विकलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर सल्ला घ्या. ग्राहक आयोगात सामान्यतः दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. बिल, जाहिरात, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, काहीही पुसू नका. तुम्ही तक्रार केलीत तर पुढच्या गावातला एक माणूस वाचतो.

आणि तुमच्या घरात कुणाच्या डोक्यात हे यंत्र घोळत असेल, तर त्याला हसू नका, त्याच्यावर ओरडू नका. बहुतेकदा त्याच्यामागे कर्ज असतं, पडलेला भाव असतो, मुलीचं लग्न असतं. जवळ बसवून तीनच प्रश्न विचारा: या जमिनीत सोनं आहे याचा पुरावा काय? खणायचा हक्क आपल्याला आहे का? आणि हे पैसे बुडाले तर घर कशावर चालेल? तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका, आणि ज्या अडचणीपायी तो हा विचार करतोय, तिच्याबद्दल त्याच्याशी आजच बोला.