हॅम्लेटचा विलंब

वरच्या वर्गांत शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाची कथा मी सांगत असतां एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, “सर, पहिल्याच अंकांत त्यानें राजाला मारलें असतें, तर पुढचे चार अंक लिहावे तरी कशाला लागले असते?” वर्ग हंसला, मीहि हंसलों. परंतु घरीं आल्यावर तो प्रश्न मनांतून जाईना.

डेन्मार्कच्या या राजपुत्राविषयीं एक मत इतकें रूढ झालें आहे कीं, उत्तरपत्रिकांतून तें तोंडपाठ उतरतें: तो अतिविचारी होता, म्हणून त्याच्या हातून कृति झाली नाहीं. इंग्रज कवि कोलरिज यानें हें मत आपल्या व्याख्यानांतून मांडलें, व तें सुमारें दोनशें वर्षें चालत आलें आहे. मला तें पुरतें पटत नाहीं.

हा पुरुष कृतिशून्य आहे काय? आईच्या महालांत पडद्याआड कोणी हाललें, तर पाहण्यापूर्वींच त्याची तरवार आरपार जाते व वृद्ध पोलोनियस मरून पडतो. इंग्लंडच्या वाटेवर जहाजांत आपल्याच वधाचा हुकूम हातीं लागतांच तो दुसरें पत्र लिहितो, त्यावर बापाची मोहोर उठवितो, आणि बरोबरच्या दोघां सोबत्यांना मरणाच्या दारीं पाठवितो. चांच्यांच्या गलबतावर उडी घेणारा तोच. त्याचा हात अडतो तो एकाच कामीं. आणि अडण्यास बहुतेक वेळां एखादें सुंदर कारण तयार असतें.

पहिले दोन महिने तर कारणहि नाहीं. पहिल्या अंकांत बापाच्या मृत्यूला दोन महिनेहि झालेले नाहींत. नाटकांतील नाटकाच्या रात्रीं ऑफेलिया चार महिने झाल्याचें सांगते. मधला काळ गेला कोठें? मग शंका निघते, तें भूत म्हणजे सैतान तर नसेल? ही शंका वाजवी आहे, हें मी मान्य करतों. गुन्हा खुनाचा, साक्षीदार एक, आणि तोहि मेलेला! म्हणून नटांकरवीं खुनाचा प्रसंग तो राजापुढें करवितो. राजा दचकून उठतो, दिवे मागतो, शंका फिटते.

आणि लगेच राजा एकटा, गुडघे टेकलेला, सांपडतो. हॅम्लेट तरवार उपसतो आणि पुन्हां म्यानांत घालतो. कां? तर प्रार्थना करतांना मेला तर हा पापी स्वर्गाला जाईल. त्याला पापाच्या भरांत गांठावें. प्रेक्षकाला मात्र ठाऊक असतें कीं, राजाची प्रार्थना मुळीं होतच नाहीं. खुनानें मिळालेलें राज्य व राणी सोडण्यास तो तयार नाहीं, व उठतांना तसें स्वतःशीं कबूलहि करतो. सूड हें ख्रिस्ती मनुष्याचें काम नव्हे, असें मी वर्गांत सांगतोंच; त्या विचारानें हॅम्लेट थांबता, तर माझी तक्रार नव्हती. तो थांबला अधिक मोठ्या सुडासाठीं! दुसऱ्याच्या आत्म्याचा हिशेब आपल्याला कळतो, असें त्यानें धरून चालावें, हें मला त्या तरवारीहून भयंकर वाटतें.

गोपाळ गणेश आगरकरांचें या नाटकाचें मराठी रूपांतर १८८३ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचें नांव ‘विकारविलसित’. विचार नव्हे, विकार! कोलरिजच्या साऱ्या व्याख्यानांपेक्षां ह्या एका शब्दांत मला अधिक सांपडतें. आईविषयींचा संताप, स्वतःचा तिटकारा, जगण्याचा वीट हे त्याच्या मनांत राजाहून मोठे होऊन बसले आहेत. विचार हे केवळ त्यांचे वकील.

उतावळेपणानें तरी काय साधतें? लेअर्टिस बापाच्या मृत्यूची वार्ता ऐकून फ्रान्सहून धांवत येतो, आणि पाहतां पाहतां राजाच्या हातचें बाहुलें होतो.

दुसऱ्या दिवशीं त्या विद्यार्थ्याला मी म्हणालों, “चार अंक वांचले असते, खरें. पण मोज पाहूं: पोलोनियस, ऑफेलिया, ते दोघे सोबती, राणी, लेअर्टिस, आणि हॅम्लेट स्वतः. पहिल्या अंकांत मरावयाचा होता तो एकच.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, शेवटीं राजाला मारतांना त्याला किती वेळ लागला?”

पुस्तक उघडून ती जागा मीं त्याला दाखविली. हॅम्लेटच्या अंगांत तेव्हां विष भिनलेलें होतें.