पगारात जिरलेला पैसा

न्यू जर्सी राज्यात नेवार्क शहराला खेटून आयर्व्हिंग्टन नावाची टाउनशिप आहे. आपल्याकडच्या नगरपालिकेसारखी समजा. या टाउनशिपने २०२३ आणि २०२४ मध्ये ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांच्या, व्यसनाविषयी जनजागृती म्हणून गाण्याबजावण्याचे दोन जंगी जलसे केले. कलाकारांना आलिशान ट्रेलर, आलेल्यांना पॉपकॉर्न आणि बुढ्ढी के बाल. खर्च ६ लाख ३२ हजार डॉलर, म्हणजे आपले पाच कोटींच्या वर. हा पैसा औषध कंपन्यांनी व्यसनाच्या साथीची भरपाई म्हणून भरलेला होता. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या कॉम्प्ट्रोलरने अहवाल काढला आणि हा पैसा उधळला गेला असं स्वच्छ शब्दांत लिहिलं. टाउनशिपने अर्थातच आरोप फेटाळले.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच, आणि त्यावर तिकडे व्हायचा तेवढा संताप झालाही. पण मला त्या जलशांची फारशी धास्ती वाटत नाही. ते निदान दिसले, पकडले गेले, त्यावर अहवाल निघाला. या पैशाला लागलेली खरी गळती कायद्यात बसणारी आहे, तिथे ना बँड वाजतो ना पॉपकॉर्न फुटतो, आणि आपल्या कुठल्याही जिल्हा परिषदेतल्या लेखाधिकाऱ्याला ती अर्ध्या वाक्यात कळेल: नव्या पैशातून जुनेच पगार भागवायचे आणि वाचलेला स्वनिधी भलतीकडे वळवायचा.

आधी पैसा आला कुठून ते सांगायला हवं. ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी १९९६ मध्ये अमेरिकन बाजारात आली. पाठदुखी, दाढदुखी, काहीही असो, डॉक्टर ती आणि तिच्या जातीच्या गोळ्या लिहून देऊ लागले. २००६ ते २०१२ या सात वर्षांत अशा ७६ अब्ज गोळ्या देशभर वाटल्या गेल्या. वेस्ट व्हर्जिनियातल्या कर्मिट या जेमतेम चारशे वस्तीच्या गावात एकाच औषध दुकानात दोन वर्षांत ९० लाखांच्या आसपास गोळ्या पोचल्या. पाठवणाऱ्या घाऊक कंपनीत कोणीतरी ते चलन फाडलं असेल, ट्रक भरला असेल, आणि चारशे माणसं इतक्या गोळ्यांचं करतात काय हा प्रश्न कोणालाही पडला नाही. पुढे गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा लोक हेरॉइनकडे वळले आणि मग त्याहून जहाल फेंटानिलकडे. २०२२ मध्ये अमेरिकेत सगळ्या प्रकारच्या ओव्हरडोसने एक लाख आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. २०२४ मध्ये हा आकडा ८० हजारांच्या घरात उतरला. त्याला सुधारणा म्हणावं लागतं, यावरूनच परिस्थिती काय आहे ते कळावं.

हजारो काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या), शहरं आणि जवळजवळ सगळी राज्यं कोर्टात गेली. २०२१ मध्ये मॅकेसन, कार्डिनल आणि अमेरिसोर्सबर्गन हे तीन घाऊक वितरक आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांनी मिळून २६ अब्ज डॉलरची तडजोड केली. मागोमाग सीव्हीएस, वॉलग्रीन्स, वॉलमार्ट, टेवा, अ‍ॅलर्गन आले. सगळं धरून रक्कम ५० अब्ज डॉलरच्या पलीकडे जाते आणि ती हप्त्याहप्त्याने येणार आहे, काही हप्ते तर १८ वर्षं चालतील. ज्या काउंटीचं एरवीचं सगळं भांडण रस्त्यावरचा बर्फ कोण उपसणार यावर चालतं, तिच्या खात्यात आता दरवर्षी हा पैसा पडतो.

करार लिहिणाऱ्यांपुढे एक जुना, लाजिरवाणा धडा होता. १९९८ मध्ये तंबाखू कंपन्यांनी ४६ राज्यांना पहिल्या २५ वर्षांत २०६ अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं. त्यातून रस्ते झाले, अंदाजपत्रकातली तूट भरली गेली. तंबाखू सोडवण्याच्या कामाला मिळाला तो चिमूटभर. म्हणून या वेळी अट घातली की, किमान ८५ टक्के रक्कम ओपिऑइडच्या संकटावरच खर्च झाली पाहिजे. कशावर करता येईल याची लांबलचक यादी जोडली: ओव्हरडोस उतरवणाऱ्या नॅलोक्सोनचं वाटप, मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन या अफूच्याच जातीच्या औषधांचे उपचार, गरोदर स्त्रियांची काळजी, तुरुंगातले उपचार, रुग्णांना दवाखान्यात नेण्या-आणण्याची सोय, शाळांमधले कार्यक्रम.

कागदावर सगळं छान आहे. पण राष्ट्रीय पातळीवर जाहीर हिशेब द्यायचा तो फक्त उरलेल्या १५ टक्क्यांचा, म्हणजे जो पैसा व्यसनाच्या कामी लावला नाही त्याचा. जो लावला म्हणता, तो कुठे आणि कसा लावला हे सांगायची सक्ती त्या करारात नाही. ते ज्या त्या राज्याच्या मर्जीवर. ओहायोत ५५ टक्के पैसा एका खासगी प्रतिष्ठानाकडे सोपवला. त्याची कागदपत्रं लोकांना पाहता आली पाहिजेत असा निकाल मे २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि काही आठवड्यांतच विधिमंडळाने कायद्यात बदल करून त्या प्रतिष्ठानाला मोकळीक दिली. केएफएफ हेल्थ न्यूज या वृत्तसंस्थेच्या अनेरी पट्टाणी गेली काही वर्षं या पैशाच्या मागावर आहेत. त्यांनी संशोधकांना बरोबर घेऊन २०२२ आणि २०२३ चा ताळेबंद मांडला, तेव्हा सहा अब्जांहून जास्त डॉलर सरकारांच्या हाती आले होते आणि त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा खर्च झाला होता किंवा खर्चासाठी ठरला होता. बऱ्याच पैशाचा मागमूस सार्वजनिक कागदपत्रांत सापडतच नव्हता.

आता त्या पगारांकडे येतो. इंडियाना राज्यातली स्कॉट काउंटी, लोकसंख्या चोवीस-पंचवीस हजार. २०१५ मध्ये इथे एकमेकांच्या सुया वापरून गोळ्यांचा अर्क टोचून घेणाऱ्यांत एचआयव्हीची अशी साथ पसरली की दोनशेवर माणसांना लागण झाली. त्या वेळचे गव्हर्नर माइक पेन्स यांनी मनाविरुद्ध का होईना, स्वच्छ सुया वाटण्याची परवानगी दिली आणि साथ आटोक्यात आली. २०२१ मध्ये काउंटीच्या तीन आयुक्तांपैकी दोघांनी हा कार्यक्रम बंद करायला मत दिलं. त्यानंतर भरपाईचा पैसा आला, आणि त्यातले अडीच लाख डॉलर गेले आरोग्य अधिकाऱ्याच्या आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांच्या पगाराला. हे पगार पूर्वीही होतेच. कोणी नवा माणूस नेमला नाही, नवी सेवा सुरू झाली नाही. पैसा आला आणि वाळूत पाणी मुरावं तसा मुरला. बेकायदा काही झालं नाही. जुना खर्च नव्या पैशातून करू नका असं राष्ट्रीय करारात म्हटलेलंच नाही.

दुसरी बाजूही ऐकायला हवी, कारण ती अगदीच पोकळ नाही. टेनेसीतल्या ग्रीन काउंटीने २४ लाख डॉलर काउंटीचं कर्ज फेडायला लावले, तेव्हा तिथल्या कारभाऱ्यांनी सांगितलं की वर्षानुवर्षं तुरुंग, रुग्णवाहिका, पोलीस यांवर आम्ही पदरमोड केली ती याच साथीपायी, मग हा पैसा म्हणजे आमचंच देणं परत मिळालं. रुग्णवाहिकेतला माणूस रात्री तीन वाजता कोणाच्या तरी बाथरूमचं दार फोडून आत शिरतो, नाकात नॅलोक्सोनचा फवारा मारतो, हेही खरंच आहे. पण भरपाई मागताना कोर्टात पुढे केली होती ती मेलेल्यांची यादी, काउंटीच्या कर्जरोख्यांची नव्हे. आणि ज्यांचा अजून श्वास चालू आहे, त्यांच्यासाठी मागचं कर्ज फिटण्याचा उपयोग शून्य.

पैसा कुठे लावला तर माणसं वाचतात हे आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. तुरुंगातून सुटलेल्या माणसाचं घ्या. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते; बाहेर पडून तो पूर्वीइतकाच डोस घेतो आणि संपतो. वॉशिंग्टन राज्यातल्या कैद्यांवरचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका बाहेरच्या सर्वसामान्य माणसाच्या १२९ पट असतो. ऱ्होड आयलंडने २०१६ मध्ये आपल्या तुरुंगांत सगळ्या गरजूंना मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन किंवा नाल्ट्रेक्सोन द्यायला सुरुवात केली. त्या वर्षीच्या पहिल्या सहा महिन्यांत नुकतेच सुटलेले २६ जण ओव्हरडोसने गेले होते. पुढच्या वर्षीच्या तेवढ्याच काळात गेले ९. भरपाईचा पैसा तुरुंगांवर इतर काउंट्याही खर्च करतात, पण अनेक ठिकाणी तो अंगझडती घेणाऱ्या स्कॅनर यंत्रांवर होतो. यंत्राचं उद्घाटन करता येतं, फोटो येतो. कैद्याच्या जिभेखाली रोज सकाळी ठेवलेल्या ब्युप्रेनॉर्फिनच्या पट्टीचं उद्घाटन कसं करणार?

इथे मराठी वाचक जरा अडखळेल, कारण व्यसनमुक्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुण्याचं मुक्तांगण येतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. लं.च्या आधाराने १९८६ मध्ये ते सुरू केलं, आणि दाखल होणं, समुपदेशन, मित्रांचा आधार, पूर्णपणे सोडणं हीच उपचारांची कल्पना आपल्यात रुजली. ती चुकीची नाही. पण अफूच्या जातीच्या व्यसनात नुसतं सोडवून घरी पाठवलेला माणूस जास्त धोक्यात असतो; मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवलं तर मृत्यूचं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं. आपल्याकडेही नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) केंद्रांत इंजेक्शनने नशा करणाऱ्यांना ब्युप्रेनॉर्फिन दिलं जातं, फक्त त्याची चर्चा होत नाही. अमेरिकेतल्या कित्येक काउंट्यांच्या सभांत मात्र अजून हाच सूर असतो की एक नशा काढून दुसरी कशाला द्यायची. मधुमेह्याला इन्सुलिन देताना असं कोणी विचारत नाही.

प्रतिबंधाचा भाग याहून हलाखीचा. शाळेत गणवेशातला पोलीस येऊन अमली पदार्थांना नाही म्हणायला शिकवतो, तो डेअर नावाचा कार्यक्रम १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला. त्याच्या मूळ रूपाचा उपयोग होत नाही हे एकामागून एक अभ्यासांनी दाखवून दिलं, तरी भरपाईचा पैसा त्याला मिळतोच आहे. यादीत ‘शाळांमधले कार्यक्रम’ असं लिहिलंय ना, मग झालं.

आपण हसण्यात मात्र अर्थ नाही. निर्भया निधीतून मुंबई पोलिसांनी घेतलेल्या गाड्या आमदारांच्या बंदोबस्ताला लावल्याची बातमी डिसेंबर २०२२ मध्ये आपणच वाचली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने दाखवलं की, मुंबईची एक औषध कंपनी टॅपेंटाडॉल हे ओपिऑइड आणि कॅरिसोप्रोडॉल यांचं मिश्रण असलेल्या, कुठेच मान्यता नसलेल्या गोळ्या घाना, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्टकडे पाठवत होती. सरकारने त्या मिश्रणाच्या निर्यातीवर तातडीने बंदी घातली. पण कर्मिट गावाला निदान कोर्टाचं दार होतं. घानातल्या टमाले शहरात याच गोळ्या पकडायला तिथले लोक स्वतःच गस्त घालत होते. त्यांच्या गावाला भरपाई कोण आणि कुठल्या कोर्टातून देणार?

मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम नॉर्थ कॅरोलायनाने केलेलं दिसतं, आणि ते अगदी कारकुनी स्वरूपाचं आहे. तिथे ८५ टक्के पैसा थेट स्थानिक संस्थांकडे जातो, फक्त १५ टक्के राज्याकडे. काउंटीने तो वेगळ्या खात्यात ठेवायचा. त्यातला एक डॉलर उचलायचा तरी आयुक्तांच्या मंडळाने ठराव करायचा, आणि ठरावात तीन गोष्टी नावानिशी हव्यात: हा खर्च ओपिऑइडच्या भरपाईतून आहे, करारातल्या यादीतल्या अमुक क्रमांकाच्या उपायासाठी आहे, आणि अमुक काळासाठी अमुक रक्कम आहे. वर्षातून किमान एक सभा लोकांसाठी खुली, आणि सगळ्या काउंट्यांचे आकडे एका संकेतस्थळावर. यात क्रांतिकारक काही नाही. आपल्या ग्रामसभेच्या प्रोसिडिंग बुकात असतं तेवढंच. पण ठरावात क्रमांक टाकावा लागला की आरोग्य अधिकाऱ्याचा जुना पगार कुठल्या क्रमांकात बसवायचा हा प्रश्न चारचौघांत उभा राहतो, आणि मागच्या रांगेतली, मुलगा गमावलेली एखादी आई तो विचारू शकते.

त्याला माझ्या मते एकच अट जोडायला हवी. पैसा येण्याआधीच्या वर्षी काउंटी स्वतःच्या करातून व्यसनाच्या कामावर जेवढा खर्च करत होती, तेवढा तिने करत राहिलाच पाहिजे. हा पैसा त्याच्या वरचा. ही अट नसेल तर पुढची काही वर्षं फार वाईट जातील. जुलै २०२५ च्या कायद्याने मेडिकेड या गरिबांच्या आरोग्य विम्यातला केंद्राचा खर्च दहा वर्षांत ९०० अब्ज डॉलरच्या आसपास कमी होणार आहे, आणि ओपिऑइडच्या उपचारांचा मोठा भार याच विम्यावर आहे. तो हात आखडला की प्रत्येक राज्य आणि काउंटी हाताशी असलेल्या पैशाकडे वळणार. न्यू जर्सीने त्याच उन्हाळ्यात भरपाईतले साडेचार कोटी डॉलर बड्या रुग्णालय समूहांकडे वळवले. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनेच विरोध केला, तरी.

ऑक्सिकॉन्टिन बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीचा पैसा तर पुढे कैक वर्षं येत राहणार आहे. तिच्या मालक सॅकलर कुटुंबाला कायमचं अभय देणारा आधीचा करार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी मोडला, नवा, ७.४ अब्ज डॉलरचा करार नोव्हेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरी न्यायालयाने मान्य केला, आणि सॅकलरांचे हप्ते १५ वर्षं चालतील. या पैशावर नजर ठेवायची संधी दरवर्षी येते: नॉर्थ कॅरोलायनातल्या काउंट्यांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. अंदाजपत्रकाच्या सुनावण्या त्याआधी मे-जूनमध्ये होतात, आणि आपली शार्लट-रॅलेकडची मंडळी करदाते म्हणून तिथे जाऊन ठरावातला क्रमांक विचारू शकतात.