जुना अॅम्प्लिफायर घेताना
हॅम रेडिओच्या केंद्रासाठी जुना अॅम्प्लिफायर स्वस्तात मिळाला, की तरुणांना तो कधी एकदा चालू करतो असे होते. आम्ही म्हणतो, जरा थांबा! व्हॉल्व्हच्या मोठ्या अॅम्प्लिफायरमध्ये दोन-तीन हजार व्होल्ट असतात. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ती उतरवणारा रेझिस्टर जुन्या यंत्रात जळालेला असू शकतो. म्हणून झाकण जाणकारालाच उघडू द्यावे. पहिली चाचणी एरियलवर नको, डमी लोडवर करावी. परवान्यातील वॅटची मर्यादाही पाळावी.

आता हिशेब पाहा. 100 वॅटचे 400 वॅट केले, तरी ऐकणाऱ्याच्या सिग्नल मीटरचा काटा साधारण एकच घर सरकतो. तेव्हा आधी एरियल उंच व नीट बांधा. घरात लेकरे आहेत, घाई कशाला?