शून्य कुठे धरलंय?

"त्याच्यात पोटेन्शिअलच नाही." आपल्या कॉलेजात हे वाक्य दर सेमिस्टरला कुणा ना कुणाबद्दल कानावर येतं आणि मला चीड येते. माणुसकी वगैरे राहू द्या बाजूला, फिजिक्स म्हणूनच ते चुकीचं आहे!

बघा ना, टेबलावरच्या पुस्तकाची स्थितिज ऊर्जा किती? आधी शून्य कुठे धरलंय ते सांगा. जमिनीवर धरलं तर एक उत्तर, गच्चीवर धरलं तर चक्क ऋण. अर्थ असतो तो दोन ठिकाणांमधल्या फरकाला. लोकलच्या 25 हजार व्होल्टच्या तारेवर कावळा मजेत बसतो, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच विभवावर. टपावर चढलेल्या माणसाला मात्र तीच तार न शिवताही मारते.

आणि नुसता फरक असूनही भागत नाही. आमच्या कर्जत लाइनवरचंच उदाहरण घ्या. घाटावर आंध्रा नदीचं पाणी ठोकरवाडीच्या तलावात साठतं. त्याची मूळ वाट इंद्रायणी, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराकडे. समुद्रसपाटीपासूनची उंची तीच, पण उतार शेकडो किलोमीटरवर पसरलेला! टाटांनी ते पाणी पश्चिमेला वळवून घाटाखाली भिवपुरीच्या वीजकेंद्रात सोडलं. केंद्र सुरू झालं 1922 मध्ये. सुमारे 500 मीटरचा फरक काही किलोमीटरांतच. हिशेब केला तर 1 हजार लिटर पाण्यामागे फार तर 1.36 युनिट वीज. ऊर्जा उंचीच्या फरकाने ठरते, पण जोर उतारावर असतो. बल म्हणजे विभवाचा ग्रेडियंट, उलट्या चिन्हाने. हे आपण वेक्टर कॅल्क्युलसला घोकतो आणि पेपर झाला की विसरतो. (टर्बाइनमधून सुटलेलं पाणी उल्हास नदीत येतं आणि बदलापूरच्या बॅरेजवरून आमच्या हेंद्रेपाड्याकडे. भीमेच्या खोऱ्यातल्या लोकांना हे वळवणं पटत नाही, पण तो वेगळा लेख होईल.)

'पोटेन्शिअल फंक्शन' हे नाव 1828 साली जॉर्ज ग्रीनच्या निबंधात आलं. हा नॉटिंगहॅमजवळचा पवनचक्कीवर पीठ दळणारा माणूस, शाळा जेमतेम वर्षभर. निबंध वर्गणीदार गोळा करून छापला. केंब्रिजला विद्यार्थी म्हणून गेला तेव्हा वय 40! आपल्या व्हायव्हात त्याला काय शेरा मिळाला असता?

मी कॉन्व्हेंटची. 'वर्क डन पर युनिट चार्ज' धडाधड म्हणून टाकते, मार्क मिळतात. माझ्याबरोबर बदलापूरहून येणारा एक जण दहावीपर्यंत मराठी मीडियमचा. विभवांतर तो मला ट्रेनमध्ये उभ्या उभ्या पाण्याच्या टाक्यांवरून समजावतो, आणि खरं सांगते, पुस्तकापेक्षा बरं समजावतो. व्हायव्हात मात्र इंग्रजी वाक्य जुळवताना अडकला. तेवढ्यावर परीक्षकांनी वरचं वाक्य ऐकवलं, तेही सगळ्यांसमोर. शून्य कुठे धरलं होतं? माझ्यासारख्यांच्या इंग्रजीवर!

हे बदलायला खर्च येत नाही. टर्म्स इंग्रजीत राहू देत, पण समजावून सांगणं मराठीत, हिंदीत, ज्याला जमेल तसं चालू द्या. कागद द्या, आकृती काढू द्या. येत्या ओरल्सपासूनच सुरू करा की! आणि लायब्ररीत भौतिकशास्त्राच्या परिभाषा कोशाची एक प्रत ठेवा. परवा मी 'ग्रेडियंट'ला मराठीत काय म्हणतात विचारलं, तर आमचे मराठी मीडियमवालेही अंबरनाथ येईपर्यंत गप्प बसले होते.